जुळलेल्या धाग्यांचा इतिहास: लुगड्यापासून टेरिकॉटपर्यंत

 

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. आपल्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवनला १७६३ साली पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. तो इतिहास पुस्तकात आहे. आजचा इतिहास आपल्या अंगावरच्या साडीचा आहे, पाण्याच्या बाटलीचा आहे, कुकरच्या मुठीचा आणि दात घासायच्या ब्रशचा आहे. या सगळ्या वस्तू एकाच घराण्यातल्या. हे घराणं कुठून आलं, आपल्या गावात कसं शिरलं आणि आता घरातून बाहेर का पडत नाही, एवढंच आज बोलायचं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. आजीचं सुती लुगडं विरलं की ते कुठे जायचं?

आधी त्याची गोधडी व्हायची. धडका भाग निघाला तर बाळाची दुपटी व्हायची. त्यातून उरलं त्याची चुंबळ, मग पोतेरं, मग चुलीवरून भांडं उतरवायची चिंधी. शेवटी चिंधीचीही चिंधी झाली की ती उकिरड्यावर जायची आणि पुढच्या पावसाळ्यानंतर शेणखताबरोबर शेतात जायची. ज्या काळ्या मातीतून कापूस आला त्याच मातीत लुगडं परत गेलं. नऊ वार कापडातला एक दोराही मागे राहत नव्हता.

आता आपली आजची साडी घ्या. फाटली की कपाटावरच्या गाठोड्यात जाते. गाठोडं मोठं झालं की शेतात जाते. रानडुकरं आणि हरणं येऊ नयेत म्हणून पिकाभोवती जुन्या साड्या बांधलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. उन्हात दोन वर्षं राहिली की तिच्या चिंध्या होतात, वाऱ्यावर उडतात, बाभळीला लटकतात, नांगराच्या फाळाला गुंडाळतात. पण मातीत मिसळत नाहीत. दोन्ही कापडंच, मग हा फरक का? याचं उत्तर रसायनात आहे. ते अवघड नाही, आम्ही सोपं करून सांगतो.

समजा झिम्मा खेळायला वीस जणी ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत काहीतरी आहे. शेजारणीचा हात धरायचा तर दोघींनाही हातातलं खाली ठेवावं लागेल. दोघींनी खाली ठेवलेलं मिळून पाण्याचा एक कण तयार होतो. असे हात धरत धरत शेकडो, हजारो कण जोडले गेले की लांबच लांब साखळी होते. हाच धागा. अशा साखळीला पॉलिमर म्हणतात, मराठी पुस्तकात बहुवारिक. आणि जोडताना पाणी, किंवा पाण्यासारखंच काहीतरी बारीक, बाहेर टाकणाऱ्या जातीला संघनन बहुवारिक म्हणतात. नाव विसरलं तरी चालेल. पाणी सोडून हात धरला, एवढं लक्षात ठेवा. कारण ज्या सांध्यातून पाणी गेलं, तो सांधा पाणी परत घालून सुटूही शकतो. आजच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

कॅरीबॅग, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद हे दुसरं घराणं. त्यांच्यात जुळताना काही बाहेर पडत नाही, नुसते हात जोडले जातात. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता गंमत ऐका. ही विद्या माणसाने शोधायच्या आधीपासून आपल्या शेतात आहे. कापसाच्या बोंडात साखरेचे कण पाणी सोडून एकमेकांना धरतात आणि त्याचा तंतू होतो. ज्वारीच्या दाण्यातला पिठूळ भागही साखरेच्या कणांचाच, फक्त हात धरायची पद्धत वेगळी. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? तोंडातली लाळ त्या साखळीत पाणी परत घालते, सांधे सुटतात आणि साखर मोकळी होते. म्हणजे संघनन बहुवारिक मोडायचं काम आपण दोन वेळा जेवताना करतो.

तिसरी वस्तू रेशीम. आपल्या बीड जिल्ह्याने तुतीच्या रेशमात गेल्या काही वर्षांत मोठं नाव केलं आहे. आधी आपले शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि तो लांबचा फेरा वाचला. शेडमध्ये अळ्यांना पाला टाकणाऱ्या बाया आपल्यातल्याच आहेत. ती अळी तुतीचा पाला खाते, तो पोटात मोडते, त्यातले प्रथिनांचे कण सुटे करते आणि पुन्हा पाणी सोडून जोडते. तोंडातून निघतो तो एकच अखंड धागा, चांगल्या कोषात हजार मीटरच्या आसपास. त्यावर चिकट द्रव्याचा थर असतो. तो गरम पाण्यात साबण किंवा सोडा घालून काढतात. हे काम ती अळी विनाआग, विनाकारखाना, साध्या हवेत करते. आणि तिचा धागा मातीत गेला तर मातीतले जीव तो सावकाश खाऊन टाकतात.

तर कापूस, ज्वारी, रेशीम. आपला जिल्हा या घराण्यातल्या वस्तू पिकवतो आणि विकतो. निसर्गाने प्रत्येक कुलपाबरोबर किल्लीही केली आहे. आता माणसाने काय केलं ते बघू.

विजेचा शोध लागला तेव्हा तारा आणि बटणं झाकायला वीज न वाहणारी वस्तू लागू लागली. त्या काळी ते काम लाख करायची. ज्या लाखेच्या आपण बांगड्या घालतो तीच लाख, झाडावरच्या बारीक किड्यांनी केलेली, आणि ती जगाला मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जायची. मागणी वाढली, किडे पुरेनात. बेल्जियममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत राहणारा लिओ बेकलंड हा रसायनतज्ज्ञ लाखेला पर्याय शोधत होता. १९०७ साली त्याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं एकत्र तापवून एक टणक पदार्थ बनवला. तेच बेकेलाइट. जुने काळे बटण, बल्बचा होल्डर, तव्याची आणि कुकरची मूठ, जुन्या रेडिओची पेटी, हे सगळं बेकेलाइटचं. पूर्णपणे माणसाने घडवलेलं ते पहिलं प्लॅस्टिक मानलं जातं.

बेकेलाइटचा एक स्वभाव समजून घ्या. झिम्म्याच्या ओळीत प्रत्येकीला दोनच हात, म्हणून धागा होतो. पण जिला तीन हात असतील ती तीन जणींना धरेल आणि ओळीऐवजी सगळीकडून घट्ट जाळं होईल. बेकेलाइट असं जाळं आहे. मेलामाइनच्या ताटल्याही तशाच. गुळाचा पाक थिजला तरी पुन्हा तापवून पातळ करता येतो. भाकरी एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ मळता येत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर गुळासारखे, बेकेलाइट आणि मेलामाइन भाकरीसारखे. भंगारवाला बाटली घेतो आणि तुटकी ताटली परत करतो, त्याचं कारण हेच.

बेकेलाइट बनलं, पण आत नेमकं काय आहे हे कोणाला नीट कळत नव्हतं. १९२० साली जर्मनीचे हेर्मान स्टाउडिंगर म्हणाले की हे पदार्थ म्हणजे हजारो कणांच्या लांब साखळ्या आहेत. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. स्टाउडिंगर आपल्या म्हणण्यावर टिकून राहिले. १९५३ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं.

तोवर अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स यांनी साखळ्या मुद्दाम जोडायला सुरुवात केली होती. त्यांची अडचण आपल्याला लगेच कळेल. खवा करताना दुधातलं पाणी पूर्ण आटलं नाही तर खवा जमत नाही. तसंच इथे. सांधा जुळताना निघालेलं पाणी भांड्यातच राहिलं तर ते पुन्हा सांध्यात शिरतं आणि साखळी आखूड राहते. त्यांनी ते पाणी चिकाटीने बाहेर काढलं, तेव्हा साखळ्या लांब झाल्या. १९३० साली त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या पदार्थातून काडीने धागा ओढला आणि तो रेशमासारखा लांबत गेला. तो पहिल्या जातीचा पॉलिएस्टर होता, पण थोड्या उष्णतेतच वितळायचा, इस्त्रीही सहन करत नव्हता. म्हणून तो बाजूला पडला. मग २८ फेब्रुवारी १९३५ ला त्यांना हवा तो धागा मिळाला. तो नायलॉन. रेशमाच्या धाग्यात ज्या प्रकारचा सांधा असतो, त्याच प्रकारचा सांधा नायलॉनमध्ये आहे. अळीचं काम माणसाने भट्टीत करून दाखवलं. कॅरॉदर्स मात्र ४१ व्या वर्षी, १९३७ साली गेले. आपला धागा बाजारात आलेला त्यांनी पाहिला नाही.

नायलॉनचा पहिला वापर दाताच्या ब्रशचे केस म्हणून झाला, १९३८ साली. त्याआधी तिकडे ब्रशला डुकराचे केस असत. १५ मे १९४० ला नायलॉनचे पायमोजे अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आले आणि बायकांनी दुकानं रिकामी केली. त्याआधी ते मोजे रेशमाचे असत आणि रेशीम जपानहून येई. पुढे जपानशी युद्ध पेटलं, रेशीम बंद झालं, आणि नायलॉन पॅराशूट आणि दोरखंडासाठी लष्कराकडे गेलं.

इकडे इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिन्फील्ड आणि डिक्सन या दोघांनी बाजूला पडलेल्या पॉलिएस्टरला पुन्हा हात घातला. त्यांनी साखळीत एक कडक गोल कडी घातली. धागा मजबूत झाला, इस्त्री सहन करू लागला, आणि पाणी त्याच्या सांध्यापर्यंत सहजी पोहोचेनासं झालं. हेच टेरिलीन. आपल्याकडे ‘टेरीन’ म्हणून आलं. त्यात कापूस मिसळला की टेरिकॉट. पुढे १९७३ साली अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ यांनी त्याच पदार्थाच्या बाटलीचं पेटंट घेतलं. म्हणून आपली पॉलिएस्टरची साडी आणि पाण्याची पातळ बाटली सख्ख्या बहिणी आहेत. दोघी खनिज तेलातून आलेल्या.

महाराष्ट्रात हे घराणं १९६० च्या दशकात स्थिरावलं. मुंबईत गोरेगावला नायलॉनचा धागा निघू लागला, ठाण्याला टेरीनचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला हे कापड महाग होतं. लग्नात नवऱ्या मुलाला टेरिकॉटचा शर्ट मिळणं ही मिरवायची गोष्ट होती. मग आलं १९८२ साल. १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या केंद्राच्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला कापसाच्या बरोबरीने मोकळी वाट दिली. धागा स्वस्त झाला, सुरतेच्या मागांवरून साड्यांचे गठ्ठे गावोगावच्या बाजारात आले. आणि पॉलिएस्टर नुसतं कापड राहिलं नाही. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूजला त्याची पातळ फिल्म बनते.

इथे आम्हाला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. कोणी म्हणतं, बायका फॅशनला भुलल्या आणि सुती लुगडं सोडलं. असं म्हणणाऱ्याने नऊवारी सुती लुगडं एकदा धुऊन बघावं. ओलं झालं की ते केवढं जड होतं, पिळताना मनगटं दुखतात, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी पीतच नाही म्हणा ना. दोन बादल्यांत धुऊन होतं, तासाभरात वाळतं, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. आपला जिल्हा दुष्काळाचा. डोक्यावरून पाणी आणणारी बाई, सहा महिने उसाच्या फडावर पालात राहणारी बाई कमी पाण्यात धुतली जाणारी साडी घेते, तेव्हा ती हिशोबानेच वागते. त्या साडीने आपले कष्ट कमी केले, हे नाकारायचं कारण नाही.

पण त्या हिशोबातल्या काही रकमा आपल्याला कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या आज मांडू.

पहिली रक्कम जिवाची. आग लागली तर सुती कापडही जळतं, भराभर जळतं. पण पॉलिएस्टर आणि नायलॉन जळताना वितळतात आणि तो तापलेला चीक कातडीला चिकटतो. जखम खोल होते. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात कापूस ज्योत धरून ठेवतो आणि त्यात पॉलिएस्टर वितळत राहतं. म्हणून चुलीशी, गॅसशी, दिवाळीच्या पणत्यांशी काम करताना पदर खोचलेलाच हवा, आणि जमेल तिने स्वयंपाकाला सुती साडी किंवा वरून सुती ॲप्रन वापरावा. कोणी पेटलंच तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर लोळवायचं, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग विझवायची. भाजलेल्या भागावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

दुसरी रक्कम फसवणुकीची. पैठण आपल्यापासून गोदावरीच्या पलीकडे. तिथली पैठणी रेशमाची, म्हणून महाग. पण बाजारात पॉलिएस्टरची साडी ‘सिल्क’ म्हणून गळ्यात मारतात. ओळखायचा जुना उपाय म्हणजे धागा जाळून बघणं. काठाच्या आतला एक सुटा दोरा काढा, घराबाहेर, दगडावर किंवा ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. रेशीम सावकाश जळतं, केस जळल्यासारखा वास येतो, उरलेलं काळं बोटाने चुरडतं. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो, तो चुरडत नाही. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलं जातं ते पुष्कळदा रेयॉन असतं. तेही कागदासारखंच जळतं, कारण ते लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यातून आलेलं. घेण्याआधी दोरा काढता येत नसेल तर ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी बघा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ती २००४ पासून सुरू आहे.

तिसरी रक्कम जनावरांची, पाखरांची आणि नदीची. गोदाकाठची मासे धरायची जाळी पूर्वी सुताची असत. दर काही दिवसांनी वाळवावी लागत, झाडाच्या सालीच्या रसात बुडवून टिकवावी लागत. नायलॉनचं जाळं आलं आणि ती मेहनत संपली. पण फाटून पाण्यात राहिलेलं सुती जाळं कुजायचं, नायलॉनचं कुजत नाही, मासे धरत राहतं. तेच मांज्याचं. संक्रांतीच्या दिवसांत झाडात अडकलेला नायलॉन मांजा महिनोन्महिने पाखरांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली. तरी आपल्या पोरांच्या हातात तो दिसतो, तेव्हा बंदी पाळायची जबाबदारी आपल्या उंबऱ्यावर येते. आणि प्रत्येक धुण्याला पॉलिएस्टरच्या कपड्यातून डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्यात जातात, ते वेगळेच.

आता विल्हेवाटीचं बोलू. पहिला नियम: यातलं काहीही चुलीत किंवा उकिरड्यावर जाळायचं नाही. पाणी तापवायला बंबात जुनी साडी घालणाऱ्या घरांनी हे नीट ऐकावं. नायलॉन जळताना विषारी सायनाइडचा वायू निघू शकतो. मेलामाइन आणि बेकेलाइटच्या धुरात डोळे आणि छाती जाळणारी द्रव्यं असतात. तो धूर सगळ्यात आधी आपण आणि आपल्याजवळ बसलेलं लेकरू घेतो.

बाटलीचं सोपं आहे. तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. ती वेगळी ठेवा. झाकण काढा, ते दुसऱ्या प्लॅस्टिकचं असतं. बाटली विसळून, चेपून पोत्यात भरा. एका घराच्या बाटल्यांना भंगारवाला थांबत नाही, दहा गटांच्या एकत्र असतील तर दारात येतो. पुढे त्यांचे तुकडे होतात, ते वितळवून पुन्हा धागा काढतात. उशांत आणि गाद्यांत भरलेला पांढरा तंतू पुष्कळदा जुन्या बाटल्यांचाच असतो. पण औषध फवारणीच्या बाटल्या यात मिसळायच्या नाहीत. त्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं आणि वेगळी ठेवायची. त्यात तेल, पाणी, रॉकेल काहीही भरायचं नाही. साध्या बाटलीतही कडक चहा किंवा उकळतं पाणी ओतू नका. ती नरम पडून वाकडी होते.

जुनी साडी टिकाऊ आहे, मग तिला टिकायचंच काम द्या. पिशव्या, पायपुसणी, दोर, खाटेची नवार, धान्याच्या पोत्याला आतून अस्तर. कुंपणाला बांधलीच असेल तर पीक निघाल्यावर सोडून घरी आणा, चिंध्या व्हायची वाट पाहू नका. बाळाच्या दुपट्यांसाठी आणि पाळीच्या घड्यांसाठी मात्र सुतीच कापड हवं, कारण पॉलिएस्टर ओल शोषत नाही. तुटक्या मेलामाइनच्या ताटल्या, फुटकी बटणं, मांज्याचे गुंते, जाळ्यांचे तुकडे हे विकले जाणार नाहीत. ते एका पोत्यात बांधून ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यायचे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनुसार ही जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे, आणि स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या पातळीवर प्लॅस्टिक कचऱ्याचं केंद्र उभारायची तरतूद आहे. ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावचं पोतं कुठे जातं?

शेवटी पुन्हा त्या पाण्याच्या कणाकडे. आम्ही म्हटलं होतं, पाणी सोडून जुळलेला सांधा पाणी परत घालून सुटू शकतो. पॉलिएस्टरचाही सुटतो. कारखान्यात उष्णता, दाब आणि रसायनं वापरून बाटलीची साखळी मोडून मूळ द्रव्यं परत मिळवता येतात. साध्या मातीत ते इतकं सावकाश होतं की आपल्या हयातीत दिसणार नाही, कारण ती कडक गोल कडी वाटेत उभी आहे आणि मातीतल्या जीवांनी हा पदार्थ पूर्वी कधी पाहिलेलाच नव्हता. पण २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी कळवलं की सकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापराच्या कारखान्याच्या आवारात त्यांना एक जिवाणू सापडला आहे. तो या प्लॅस्टिकची साखळी पाण्याच्या मदतीने तोडतो आणि तिच्यावर जगतो. आपली लाळ भाकरीवर जे करते, तेच तो बाटलीवर करतो, फक्त फार हळू. आता जगभर त्याचं काम जलद कसं करता येईल यावर संशोधन चाललं आहे.

तो दिवस येईपर्यंत या साखळ्या सांभाळणं आपल्याच हाती आहे. माणसाने सांधे जोडायची कला शंभर वर्षांत शिकली आणि सोडवायची कला मागे ठेवली. आपण मात्र कापूस पिकवणाऱ्या, रेशीम पिकवणाऱ्या बाया आहोत. शेतात खरं सूत काढायचं, ते विकायचं आणि अंगावर तेलाचं सूत घालायचं, असा आपला फेरा झाला आहे. तो एका दिवसात बदलणार नाही. पण वर्षाला घेतलेल्या चार साड्यांत एक सुती असू शकते.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं घ्या. प्रत्येकीने घरातल्या जुन्या साड्या मोजून आकडा आणायचा. बाटल्यांचं एक सामायिक पोतं ठेवायचं आणि त्याचे पैसे गटाच्या वहीत जमा करायचे. आणि त्वरितादेवीच्या दर्शनाला गर्दी होते त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी बाटल्यांसाठी दोन पोती बांधायची. पोती कोण आणणार आणि संध्याकाळी ती कोण उचलणार, हे बैठकीतच ठरवून नावं वहीत लिहा.